विसरत विसरत वेल्ह्याला

दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन हवापालट करून यावे, असा सल्ला देणाऱ्या माणसांना एक तर मुले नसतात, नाही तर ती आजोळी पाठवलेली असतात. आमच्या कचेरीतल्या अशाच एका सुखी गृहस्थाने मला हा सल्ला दिला आणि मी तो घरी येऊन मोठ्याने बोलून दाखवला. सौ. चकलीच्या भाजणीत हात घालून बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "जायचंच तर भाऊबिजेला वेल्ह्याला जाऊ." झाले. हवा राहिली बाजूला.

वेल्ह्याच्या शाळेत तिचा एकुलता एक धाकटा भाऊ वासू मास्तर आहे. दर वर्षी भाऊबिजेला तो पुण्याला येतो. यंदा मात्र पावसाळाभर हिवतापाने त्याला अंथरुणाला खिळवून ठेवले होते, आणि आता ताप गेला तरी पायात बळ नव्हते. तो येऊ शकत नाही, तर बहिणीने जायचे. आधी चंद्राला ओवाळायचे, मग भावाला, म्हणजे भावाला आयुष्य लाभते. इतर वर्षी हा रिवाज असतो. यंदा सौ.च्या बोलण्यात तो नुसता रिवाज नव्हता. तिने निरांजन घासून लखलखीत केले आणि स्वतःच्या पिशवीत, स्वतःच्या हाताने ठेवले. माझ्यावर भरवसा टाकला नाही. बरोबरच केले.

पाडव्याला निघालो. आठ वर्षांचा बंडू, साडेचार वर्षांची चिमी, फराळाचे डबे, वळकटी आणि माझी छत्री. कार्तिकात छत्री कशाला, असे तीन शेजाऱ्यांनी विचारले. छत्रीशिवाय मी प्रवास करत नाही, एवढेच मी त्यांना सांगितले आणि रुबाबात वळलो. बोळाच्या तोंडाशी गेल्यावर ध्यानात आले की छत्री घरातच राहिली आहे. परत गेलो. शेजारी तिथेच उभे होते.

यावरून मी मुलांना वाटेत एक बोध केला. "विसरलेली वस्तू जिथं विसरली तिथंच सापडते. रडून सापडत नाही. शांतपणे मागे जावं आणि घेऊन यावी." हे वाक्य मला इतके आवडले की मी ते दोनदा म्हटले. चिमीने ते नीट ऐकून घेतले, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

सर्व्हिस मोटारीचे वर्णन काय करावे? जितकी माणसे मावतात तितकी भरून झाल्यावर मालक खरी माणसे भरायला सुरुवात करतो. माझ्या मांडीवर कुणाचा तरी कोंबडा होता. कात्रजच्या घाटात बंडूने सकाळचा सगळा फराळ शेजारच्या धोतरावर परत केला. धोतरवाले गृहस्थ शांतपणे म्हणाले, "लाडू बेसनाचा व्हता का?" शिवऱ्याला मोटार पाण्यासाठी थांबली, तेव्हा ते ओढ्यावर धोतर धुऊन आले आणि ओलेच नेसून पुन्हा आमच्याशेजारी बसले. एवढा सज्जन मनुष्य त्या प्रवासात दुसरा भेटला नाही.

भोरला माझ्या चुलतभावाकडे रात्रीचा मुक्काम. हा वकील आहे आणि संस्थान आपल्याच सल्ल्याने चालते, अशी त्याची समजूत आहे. चहा होण्याआधी त्याने आम्हाला भाटघरचे धरण दाखवायला नेले, आणि ते त्याने स्वतः बांधल्यासारखा भिंतीवर उभा राहिला. बंडूने विचारले, "काका, ह्या पाण्याखाली काय आहे?" काका म्हणाले, "गावं होती." बंडू पुढे बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि काकांचे पुढचे आकडे वाया गेले. धरणाची एवढीच आठवण मी घरी आणू शकलो.

भाऊबिजेची सकाळ. नसरापूरकडे जाणाऱ्या पहिल्या मोटारीत आम्ही बसलो आणि बंडूने डोक्याला हात लावला. टोपी नव्हती! नवी, जरीची, दिवाळीची टोपी. "जिथं विसरली तिथंच सापडेल," असे म्हणून मी उडी मारली, चुलतभावाच्या घरी पळालो, टोपी घेऊन परत आलो. टोपी सापडली. मोटार सापडली नाही. वळकटीवर सौ. आणि दोन्ही मुले ओळीने बसली होती. सौ. काही बोलली नाही. बायको काही बोलत नाही, तेव्हा नवऱ्याने फार बोलू नये, एवढे शहाणपण पंधरा वर्षांच्या संसारात मला आले आहे.

दुसरी मोटार मिळून नसरापुरात उतरलो, तोवर ऊन चढले होते. इथून पुढे बैलगाडी. मी ऐटीत एकाला विचारले, "वेल्ह्याला गाडी मिळेल का?"

"आज?" तो हसायलाच लागला. "आज समद्या गाड्यांत भाऊ बसल्याती."

खरोखरच, रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीत फेटा बांधलेला एक भाऊ आणि त्याच्या मांडीवर खणाचे गाठोडे. शेवटी ज्ञानू नावाच्या एका गाडीवानाला आमची दया आली. त्याची बहीण वेल्ह्यातच दिलेली होती.

"तुमी कुणाकडं, रावसायेब?"

"हिच्या भावाकडे. मास्तर आहेत तिथे."

"म्हंजी भन (बहीण) भावाकडं? ही उलटीच भाऊबीज की!" तो सौ.कडे वळला. "बसा, ताई. पर एक सांगून ठिवतो, मदी कुठं थांबायचं न्हाई. वेल्ह्याच्या डोईवर तोरणा हाय. बीजेचा चंद्र तितं घटकाभर बी टिकत न्हाई, लगी गडाआड जातो. त्याच्या आत पोचाय पायजे. माझी भन लई कडक हाय. चंद्र गेला तर मला दारात उबं करंल."

सौ. म्हणाली, "दादा, मी पण कडकच आहे." आणि ती गाडीत चढली.

गुंजवणीच्या काठाने वाट सुंदर होती, असे म्हणतात. मी चिमीला पोटाशी धरून खड्डे मोजत असल्याने मला ती दिसली नाही. भाताची कापणी चालू होती. पालीकडे वाट फुटते तिथे एका चिंचेखाली बैलांना पाणी दाखवायला थांबलो. घरी भाताचा घास तोंडात फिरवत बसणाऱ्या माझ्या मुलांनी ज्ञानूची नाचणीची भाकरी आणि कोरड्यास (पातळ कालवण) मागून मागून खाल्ले. मोबदल्यात सौ.ने त्याला चकली दिली. त्याने ती चावून पाहिली, हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "चांगली हाय. जुवाची खुटी मोडली तर कामाला यील."

डावीकडे राजगड उभा होता. मी उभा राहून हात पसरले आणि मुलांना इतिहास सांगू लागलो. बंडू किल्ल्याकडे बघून म्हणाला, "आपल्या अंगणातल्या किल्ल्यावर मावळे तरी आहेत. ह्याच्यावर कोणीच दिसत नाही." इतिहास तिथेच संपला.

मैलभर पुढे गेल्यावर चिमीने सूर लावला. तिची ठकी (लाकडी बाहुली) चिंचेखाली राहिली होती. मी म्हटले, "दुसरी घेऊ." चिमीने रडणे थांबवून माझ्याकडे पाहिले. "जिथं विसरली तिथंच सापडते ना, अण्णा? मग मागे जायचं."

ज्ञानूने उन्हाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि गाडी वळवली. "रावसायेब, असलं काय बी शिकवू नगा पोरास्नी," एवढेच तो म्हणाला. ठकी चिंचेखाली पाय पसरून बसली होती, जणू हवापालटाचा सल्ला फक्त तिलाच लागू पडला होता.

वेल्ह्याअलीकडच्या ओढ्यात गाडी उतरली तेव्हा सूर्य बुडालेला होता. समोर तोरण्याचा काळा ढीग, आणि त्याच्या खांद्यावर नखाएवढी चंद्रकोर. "चांदोबा!" चिमी ओरडली. सौ.ने हात जोडले. ज्ञानूने बैलांच्या शेपट्या पिळल्या.

वासू दारात घोंगडी पांघरून उभा होता. सौ. गाडीतून उतरली आणि त्याच्याकडे बघत राहिली. दर वर्षी माझ्याशी पैजा लावून अनारसे खाणारा हा मुलगा. त्याच्या सदऱ्यात आता दोन वासू मावले असते. "किती वाळलास रे," ती म्हणाली. "हातपाय धू. निरांजन लावते." वात पेटली, तबक सजले, सौ. अंगणात आली. गडाच्या माथ्यावर नुसता उजेड होता. चंद्र गेला होता.

"असू दे, अक्का," वासू म्हणाला. "चंद्र आहेच. दिसत नाही एवढंच. पृथ्वीची गती..."

"पृथ्वी गेली खड्ड्यात," सौ. म्हणाली. पंधरा वर्षांत मी तिला रागावलेली पुष्कळदा पाहिली आहे, रडवेली झालेली फारशी नाही. टोपी माझ्यामुळे, ठकी माझ्यामुळे. मी छत्रीकडे पाहत राहिलो. दुसरीकडे पाहायची सोय नव्हती.

चिमीने आईचा पदर ओढला. "आई, चांदोबा ओढ्यावर राहिला. आपण त्याला तिथंच विसरून आलो. मागे जायचं."

वासू हसला. सौ. हसली नाही. तिने एकदा गडाकडे पाहिले, एकदा आलो त्या वाटेकडे, आणि म्हणाली, "मागे गेलं की गडही मागे जाईल. चला!"

इतक्यात पलीकडच्या आळीतून कडाडून आवाज आला, "आता कशाला आलास? चंद्र बगून येयाचं व्हतं!" ज्ञानूच्या बहिणीने त्याला खरोखरच दारात उभे केले होते. सौ.ने तबक पदराआड धरून तिकडे धाव घेतली. दोन बायकांचे काय बोलणे झाले ते मला कळले नाही, पण ज्ञानू सोडलेले बैल पुन्हा जुंपताना दिसला. "एका दिवसात दुसऱ्यांदा मागं!" तो आभाळाला सांगत होता. गाडीत दोन बहिणी, दोन तबके, एक आजारी भाऊ आणि माझी दोन मुले. मला जागा उरली नाही. मी छत्री घेऊन मागून पळालो.

आणि तो ओढ्यावर होता! जसजसे मागे जात होतो तसतसा गड खाली बसत होता, आणि ओढ्याच्या चढावर कोर पुन्हा त्याच्या पाठीवरून वर डोकावली. वाऱ्याने निरांजन विझायला आले, तेव्हा मी छत्री उघडून आडोसा धरला. त्या छत्रीखाली आधी चंद्राला, मग वाकून उभ्या असलेल्या वासूला, आणि शेजारी ज्ञानूला त्याच्या कडक बहिणीने ओवाळले. ओवाळून झाल्यावर ती भावाला म्हणाली, "पुढल्या वर्साला या पावण्यास्नी गाडीत घिऊ नगंस."

ज्ञानू म्हणाला, "घ्येतलं न्हाई तर चंद्र कोन हुडकंल?"

तीन दिवसांनी पुण्याला परतलो. अंग ठेचलेले, रजा संपलेली, टोपीची जर उसवलेली. कचेरीतल्या त्या गृहस्थाने विचारले, "काय, मानवली का हवा?" वासूने मात्र निघण्याच्या सकाळी दोन अनारसे खाल्ले होते, आणि सौ.ने ते मला परतीच्या वाटेत निदान चार वेळा सांगितले.

घरी सामान लावताना माझ्या ध्यानात आले की छत्री नाही. वळकटी झटकली, डबे उघडले, मुलांवर ओरडलो. सौ. निरांजन पुसून कोनाड्यात ठेवत होती.

"वासूच्या दाराआड उभी आहे," ती म्हणाली. "निघताना पाहिली मी."

"मग तेव्हाच सांगायचं नाही?"

"आणू की पुढल्या भाऊबिजेला. जिथं विसरली तिथंच असेल."