बाभळीचा अर्धा वाटा

२०१९ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि हदगाव तालुक्यात माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी माझी पक्की समजूत होती. तिला आड येणारा एकच, माझा बांधशेजारी. मी चौथीतून शाळा सोडली, मास्तरशी पटलं नाही म्हणून. हा तर शाळेत गेलाच नाही. का, तर तिथं बाभूळ नव्हती. गावरान बाभूळ हेच या माणसाचं गणगोत. सकाळी तिची काडी दातात धरायचा ती न्याहारीपर्यंत काढायचा नाही, बोलायचं ते काडीच्या आडूनच. पोरानं नांदेडहून ब्रश आणला, त्या ब्रशनं ह्यानं फवारणीच्या पंपाचं नोझल साफ केलं. एकदा पुतण्यासाठी पोरगी बघायला निलंग्याकडं गेला. परत आल्यावर घरच्यांनी विचारलं, कशी हाय? म्हणाला, "पोरीकडं ध्यान न्हाई गेलं. पण त्यांच्या बांधावरल्या बाभळीतून बैलगाडीची दोन जुवं आरामात निघतील." सोयरीक जमली, ती बाभळीच्या भरवशावर.

खरी मजा त्याच्या गोठ्यात होती. तिथं त्यानं स्वतःच्या सरणाचं लाकूड साठवलं होतं. उन्हाळ्यात शेळ्यांसाठी बाभूळ छाटली की जाड फांद्या बाजूला काढायच्या, फोडायच्या, उधळी लागू नये म्हणून दगडांवर रचायच्या, पावसाळा सरला की उन्हं दाखवायची. एकदा त्याची बायको धारा काढायला गेली तर हा रचलेल्या लाकडांवर डोळे मिटून आडवा! तिनं बोंब ठोकली, आम्ही धावलो. हा उठून बसला. "वरडता काय? लांबीला पुरतंय का बघून राहिलो." रानात वेड्या बाभळी माजल्यात, त्या का घेत नाहीस, असं मी विचारलं तर अंगावर आला. "तसल्या लाकडावर जळायला मी काय वाटंवर पडलोय?"

ढीग काही पुरा होत नव्हता, आणि त्याला कारण मी. त्याची ती लाडकी बाभूळ आमच्या दोघांच्या बांधावर. तिच्या सावलीत माझं सोयाबीन गुडघ्याच्या वर जात नसे. मला ती तोडायची होती, तो तोडू देईना. मग मीही सांगितलं, अर्धं झाड माझं हाय, माझ्या शेताच्या अंगाच्या फांदीला कुऱ्हाड लावायची न्हाई. "तुझ्या वाट्यात जेवढं निघंल तेवढ्यात जळ. पाय बाहेर राहिले तर राहू दे." तो म्हणाला, "राहू दे. तुला लाथ मारायला कामाला येतील."

आमची माय तेव्हा नव्वदीच्या घरात. त्याच्या गोठ्यावरून काठी टेकत जाताना रोज थांबायची.

"ए मेल्या, एक लाकूड दे की. चहा तरी उकळंल."

"न्हाई जमायचं, काकी. मोजून रचलंय."

"मेल्यावर काय गारठा लागणार हाय तुला?"

"एक काडी न्हाई देणार."

त्यानं खरंच कधी दिली नाही.

त्याच साली भादव्यात पावसानं झड लावली आणि झडीतच माय गेली. गावात कुणाच्या घरी कोरडं लाकूड नव्हतं. स्मशानात पत्र्याचं छप्पर होतं, पण छपराखाली जाळायचं काय? कुणी म्हणालं रॉकेल, कुणी म्हणालं टायर. मी मायजवळ बसून होतो. तेवढ्यात वाटेवर बैलगाडी वाजली. गाडीवर ताडपत्री झाकलेली, पुढं हा, नखशिखांत भिजलेला, तोंडात काडी. ताडपत्री काढली तर गोठ्यातला सगळा ढीग. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "काकी लई दिवस लाकूड मागून राहिली होती." आणि स्वतःच रचायला लागला. जाड लाकूड खाली, बारीक वर. कुणाला हात लावू दिला नाही.

माय खडखडीत पेटली. पाऊस पत्र्यावर वाजत राहिला.

सुतकात झाडाला हत्यार लावू नये, कुणाच्या दारात जाऊ नये म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भादरलेल्या डोक्यावर पोतं घेऊन मी बांधावर गेलो, माझ्या अंगाच्या सगळ्या जाड फांद्या तोडल्या, गाडीत भरल्या आणि त्याच्या गोठ्याबाहेर टाकल्या. तो काडी चावत बघत होता.

"लाकडं ओली हायत," मी म्हणालो. "वाळंस्तोवर तुला कुठं जाता यायचं न्हाई."