कागदाच्या माथ्यावरचा आकडा

माझं डोकं लवकर तापतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. घरचे सगळेच सांगतात. ज्या एका बाईला ते सांगायचा खरा हक्क होता तिनं कधी सांगितलं नाही, म्हणून मीच सुरुवातीला सांगून टाकतो.

हिंगोलीत बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर, आणि एक कूलर, ज्यात पाणी भरायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. आजूबाजूच्या गोदामांना, दुकानांना लागतील ते प्रोग्राम आम्ही करून देतो. माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसायची ती कनेरगाव नाक्याजवळच्या वस्तीवरची सून. लग्नाआधी माझ्या बहिणीच्या वर्गात कॉम्प्युटर शिकलेली. बहीण म्हणाली, दादा, तिच्यासाठी मालकाकडं शब्द टाक. मी टाकला, आणि मालकांनी तिला ठेवून घेतलं.

घरून परवानगी मिळाली ती सासऱ्याच्या एका अटीवर. काम नीट होतंय तोवर खुशाल जा. ज्या दिवशी कामात खोट निघाली, कुणी बोट दाखवलं, त्या दिवसापासून घर आणि शेत. ही अट तिनं पहिल्याच आठवड्यात डबा खाताना हसत हसत सांगितली होती. तेव्हा ही नोकरी गेली तर तिचं काय काय जाईल, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं म्हणायला मला तोंडच नाही.

ती कामाला वाघ होती. घरी लॅपटॉप नाही, म्हणून येता-जाता एसटीत बसून वहीत कोड लिहायची. शेजारच्या बायका विचारायच्या, शाळेत मास्तरीण हाये का? ही म्हणायची, व्हय. खोटं का सांगता म्हणून मी चिडवलं, तर म्हणाली की खरं सांगायला गेलं तर नाका येऊन जातो आणि तरी सांगून होत नाही.

गेल्या हंगामात हळदीच्या एका गोदामाला आम्ही प्रोग्राम दिला. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला की काउंटरवर त्याचं नाव टाकायचं, त्याची जुनी नोंद शोधायची, नवी नोंद करायची, नंबर द्यायचा. एवढंच काम. त्यातलं शोधायचं काम तिच्या कोडचं होतं. एकाच माणसाचं नाव कोणी आडनाव आधी लिहितं, कोणी बापाचं नाव गाळतं. हजारो नावांतून हा तोच माणूस, हे ओळखणं सोपं नसतं. नोंद साठवायचं काम माझं. आमच्याकडं लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही आणि पूर्वी एकदा मी त्यात नोंदी गमावून हात पोळून घेतले होते. म्हणून मी असं लिहिलं होतं की प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की बसल्याची खात्री होईपर्यंत बाकी सगळ्या कामांनी दारातच थांबायचं. या सावधपणाचा मला फार अभिमान होता.

सकाळी गोदामाचे तिन्ही काउंटर एकदम सुरू झाले की पडदा गोठायचा. चार-चार मिनिटं. ट्रॅक्टरची रांग पार डांबरी रस्त्यावर जायची आणि शेतकरी आमच्या आयाबहिणींचा उद्धार करायचे. गोदामवाल्यानं मालकाला फोन करून सांगितलं, कोणाच्या चुकीनं होऊन राहिलं ते परवापर्यंत मला कळलं पाहिजे, नाहीतर तुमचं खोकं उचलून न्या. मालकांनी ते काम माझ्यावर टाकलं.

अशा वेळी प्रोग्रामचा प्रोफाइल रेकॉर्ड करतात. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची आणि एंटर मारायचा, बस्स. ते टूल चालू प्रोग्रामच्या मागं उभं राहतं आणि सेकंदाला नव्याण्णव वेळा विचारतं, आत्ता काय करून राहिला? येईल ते उत्तर टिपून घेतं, आणि शेवटी शंभरातली किती उत्तरं कोणत्या कामाची याची यादी देतं. बांधावरचा मुकादम मधूनमधून मान वर करून कोणाचं खुरपं चालू आहे ते बघतो ना, तसंच ते.

मी भल्या सकाळी गोदामात गेलो. नाकातोंडात हळदीचा भुगा जात होता. काउंटर सुरू झाले, पडदा गोठला, तशी मी ती ओळ चालवली आणि चार मिनिटं पूर्ण रेकॉर्ड केली. यादी आली. सगळ्यात वर तिचं काम, शंभरात सत्तर. खाली बारीकसारीक. माझं काम शोधून सापडत नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

ऑफिसात येऊन मी तिला ती यादी दाखवली. ती बराच वेळ पडद्यावर वाकून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, घड्याळ लावून बघितलं का? माझं काम चार मिनिटं चालंल एवढं न्हाई ते."

माझं डोकं सटकलं. "टूल खोटं बोलतं का मग? मला शिकवता काय ताई?" सगळ्यांसमोर, कूलरच्या आवाजावरून ऐकू जाईल एवढ्यानं मी ओरडलो. तिनं खुर्ची आपल्या टेबलाकडं वळवली.

मालक कागदावर विश्वास ठेवणारा माणूस. पडद्यावरचं त्यांना पटत नाही. म्हणाले, छापा, आणि खाली सही करा. मी छापलं, तिच्या ओळीखाली पेनानं रेघ ओढली आणि झोकात सही ठोकली. गोदामवाल्याला कुणालातरी काढल्याचं ऐकायचं होतं, आणि त्या शनिवारी तिला काढलं. दोन दिवस द्या, पुन्हा तपासू, एवढं मी बोलू शकत होतो. बोललो नाही. तिनं कीबोर्डवर नेहमीसारखा रुमाल झाकला, वही पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, येते दादा. पुढच्या आठवड्यात तिचा नवरा विचारायला आला. गरीब स्वभावाचा माणूस, उभ्यानंच बोलला. मालकांनी त्या कागदाची झेरॉक्स त्याच्या हातात ठेवली.

मग तिचं शोधायचं काम मी नव्यानं लिहिलं. दोन दिवस खपलो, आणि ते खरोखर पळायला लागलं. मोठ्या तोऱ्यात गोदामात गेलो. काउंटर सुरू झाले, पडदा गोठला. मोबाइलमध्ये घड्याळ लावलं. चार मिनिटांतली दहा-बारा सेकंदं तेवढी कमी झाली होती. रांग होती तिथंच होती आणि शिव्याही त्याच होत्या.

खिशात त्या कागदाची घडी होती, ती उघडली. कागदाच्या माथ्यावर, यादीच्याही वर, एक आकडा छापलेला असतो, एकूण किती उत्तरं टिपली त्याचा. सेकंदाला नव्याण्णव धरले तर चार मिनिटांची तेवीस-चोवीस हजार व्हायला पाहिजेत. तिथं दोन हजार होती. म्हणजे त्या चार मिनिटांत प्रोग्राम वीसेक सेकंदच जागा होता. बाकीचा सगळा वेळ तो माझ्या दारात, माझ्या खात्रीची वाट बघत झोपलेला होता. आणि झोपलेल्याला ते टूल काही विचारतच नाही. जी राबत होती तिचंच नाव यादीत आलं. सगळ्यांना थांबवून ठेवणारा मी मोजलाच गेलो नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरानंच खाली सही केली होती.

माझ्या पाच-सहा ओळी बदलल्या आणि पडदा गोठायचा थांबला. मालकांनी पेढे आणले. म्हणाले, बघा, चुकीचा माणूस काढला की काम कसं मार्गी लागतं. मी पेढा खाल्ला.

आज सांगू, उद्या सांगू करत महिना-सव्वा महिना गेला. मग बहिणीचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, ती आता कुठंच येत-जात नाही, माझा फोनसुद्धा सासू उचलते. त्या दिवशी मी मालकाकडं जाऊन सगळं ओकलो. गोदामवाल्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, ते म्हणाले, पण ती येत असेल तर येऊ द्या. मला वाटलं, चला, सुटलो. बैल गेल्यावर झोपा करायला निघालेल्या माणसालाही थोडी आशा असतेच.

कनेरगाव नाक्यावर ढाब्यापाशी उतरलो आणि वस्तीपर्यंत चालत गेलो. हळद लावायचे दिवस होते. अंगणात बेण्याचा ढीग होता आणि ती सासूबरोबर कुजकं-चांगलं निवडत बसली होती. सासरे बाजेवर होते. तिनं पाणी आणून दिलं आणि पुन्हा ढिगापाशी जाऊन बसली. मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. चूक माझी होती, हिची काडीचीही नव्हती, हिनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी हिच्यावरच खेकसलो. दोन हजारांचा आकडा सांगितला तेव्हा तिचे हात थांबले. वर मात्र तिनं बघितलं नाही.

सासरा वाईट माणूस नव्हता. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून आत गेले आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. त्यात सातबारा होता, राशन कार्ड होतं, आणि त्यांच्याचसोबत जपून ठेवलेली ती झेरॉक्स. मी घाईघाईनं माथ्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून समजावायला लागलो. त्यांनी बोट कागदाच्या तळाला ठेवलं.

"ही सही तुमचीच ना?"

"व्हय, मामा."

"त्या दिशी खरं समजूनच केली व्हती?"

"व्हय."

"आन् आजबी खरंच सांगून राहिले."

"व्हय."

त्यांनी कागदाची पहिल्याच घडीवर घडी घातली. "मंग उद्या आणखी एक कागद घेऊन याल तुमी. माझ्या सुनंनं कितींदा ऐकून घ्यायचं?"

निदान तो कागद तरी परत द्या म्हणालो. ते म्हणाले, राहू द्या, सही हाये त्याच्यावर. आणि तो सातबाऱ्यासोबत पुन्हा पिशवीत गेला. चहा झाला. पाऊसपाण्याचं बोलणं झालं.

निघालो तशी ती फाटकापर्यंत आली. हाताला माती होती. मला वाटलं, आता तरी चार शब्द सुनावेल. मी त्याचीच वाट बघत होतो.

"दादा, आता किती वेळ लागतो?"

"दोन सेकंद."

"घड्याळ लावून बघितलं?"

व्हय म्हणालो. तिनं मान हलवली आणि बेणं निवडायला परत गेली.