माहेरच्या भिंतीला पहिला नंबर

या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, धरणं, आठवडी बाजार असं बरंच काही लिहिलं. अट एकच, जागा एसटीने गाठता आली पाहिजे. यावेळचा प्रवास देवळा ते नाशिक रोड, म्हणजे माझ्या सासरहून माहेरी. त्यात बघण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं असतं, पण बुधवारी दुपारी दीपकचा, माझ्या धाकट्या भावाचा मेसेज आला: "सुवर्णाला पहिला नंबर. तुला उत्तेजनार्थ. दोघींचं अभिनंदन." सुवर्णा ही त्याची बायको.

आता थोडं मागचं सांगते. आमचे पपा नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमध्ये होते, पुढे दीपकही तिथेच लागला. प्रेस कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मी जन्मापासून लग्नापर्यंत राहिले. गेल्या वर्षी दीपकने जेल रोडला फ्लॅट घेतला नि क्वार्टर सुटलं. कॉलनीच्या वाचनालयाने यंदा 'घर' या विषयावर चित्रप्रदर्शन ठरवलं, कोणीही भाग घ्यावा असं. मी देवळ्याला हायस्कुलात चित्रकला शिकवते. महिनाभर बसून मी क्वार्टरचं जलरंगातलं चित्र केलं. चांगला जाड कागद, गुलमोहराची सावली, जिन्यावरचं ऊन. सुवर्णाने आयुष्यात कधी ब्रश धरलेला मी पाहिलेला नाही.

मला पोटात दुखलं, स्पष्टच सांगते. पहिला नंबर माझा आयुष्यात एकदाच आला, नववीत, आंतरशालेय स्पर्धेत. दोरीवर वाळत घातलेला पपांचा खाकी गणवेश मी काढला होता. लग्नानंतर माझी सगळी चित्रं देवळ्याला आणली, तेवढं एक सापडलं नाही. "उंदरांनी खाल्लं असेल," आई म्हणाली. त्यानंतर दुसरे, तिसरे नि उत्तेजनार्थ यांची मला सवय झाली, पण घरातल्या माणसाने पुढे जाण्याची नव्हती.

शनिवारी सकाळी सातची गाडी धरली. महिलांना अर्धं तिकीट असल्याने शंभराच्या आत काम होतं. जाणार असाल तर डावीकडची खिडकी घ्या. भावडबारीचा घाट चढताना खालची कांद्याची शेतं छान दिसतात. मला त्या दिवशी काही छान दिसलं नाही. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर लसणाची पिशवी. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "माहेरले जाई राहिनी का वं?"

"नाही आजी, प्रदर्शन बघायला."

"मंग तोंड का असं करेल शे?" ती म्हणाली आणि चांदवडपर्यंत झोपून गेली.

चांदवडला गाडी दहा मिनिटं थांबते, चहा घेऊन टाकावा, पुढे थेट द्वारका. द्वारका चौकात उतरलात की नाशिक रोडच्या शेअर रिक्षा लागलेल्याच असतात, तीस रुपयांत बिटको चौकापर्यंत सोडतात. त्याआधी मी कोपऱ्यावर मिसळ खाल्ली. काळ्या मसाल्याची, सोबत दही नि पापड, आणि रस्सा मागाल तेवढा. वाईट मनःस्थितीतही मी तीनदा रस्सा मागितला, यावरून चवीची कल्पना करा.

वाचनालय बुद्धविहाराच्या शेजारी आहे. हॉलला तीन खिडक्या, भिंतीला लागून टेबलं, चित्रं दोरीला चिमट्यांनी लावलेली. माझं चित्र पंख्याखाली होतं आणि सारखं उलटं होत होतं. चिमटा सरळ करून मी पुढे गेले.

तिसरं बक्षीस एका निवृत्त कामगाराला होतं. तीस वर्षं त्यांनी छपाईतले दोष शोधायचं काम केलेलं. त्यांनी एकाच क्वार्टरची दोन चित्रं शेजारीशेजारी काढली होती आणि खाली लिहिलं होतं, 'फरक ओळखा'. रेघ न् रेघ सारखी. मी दहा मिनिटं शोधत होते. दुसऱ्या चित्रात दाराबाहेर बाईच्या चपला नव्हत्या. फरक सापडल्यावर मला त्यांचाही राग आला. इतकं साधं मला का सुचलं नाही म्हणून.

दुसरं बक्षीस सुरगाण्याकडच्या, इथे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलीचं. कोळशाने काढलेली जीप. टपावर गोधड्या, पातेली, बांधलेल्या कोंबड्या, मागे लोंबकळणारी माणसं. ती मुलगी तिथेच उभी होती. मी विचारलं, "यात घर कुठे आहे?"

"हेच ना बाई. भात काढून झाला का दाराला कडी घालायची आन् यात बसायचं, द्राक्षाच्या कामाला. अर्धं वरीस घर असंच."

चित्र चांगलं होतं. मी तिला हात जरा बारीक काढायला हवे होते असं सांगितलं, कारण काहीतरी सांगितल्याशिवाय मला राहवेना.

आणि मग सुवर्णाचं. मधल्या मोठ्या, जवळजवळ जमिनीपर्यंतच्या खिडकीला, काचेसमोर, वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद लावला होता, कितीतरी ताव चिकटपट्टीने जोडून भिंतीएवढा केलेला. त्यावर चित्र नव्हतंच, नुसती भोकं होती. खिडकीतला उजेड एकेका भोकातून येत होता आणि प्रत्येकाखाली पेनाने, बाजाराची यादी लिहितात त्या अक्षरात लिहिलं होतं: 'कॅलेंडर'. 'घड्याळ'. 'बुद्धाचा फोटो'. 'किल्ल्या'. 'ह्यांच्या डब्याची पिशवी'. 'मम्मींचा फोटो, त्या गेल्यावर'. मम्मी म्हणजे आमची आई. आमच्या बाहेरच्या खोलीची मोठी भिंत होती ती, जशीच्या तशी.

कॉलनीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. क्वार्टर सोडताना इस्टेट ऑफिसचा माणूस बघायला येतो, तेव्हा खिळे उपटून भोकं बुजवलेली लागतात. कोणी चुना भरतं, कोणी टूथपेस्ट. सुवर्णाने भोकं बुजवण्याआधी भिंतीवर कागद धरला आणि प्रत्येक भोकात कागदावरून खिळा टोचला. बस, एवढंच. मला प्रश्न पडला की याला चित्र म्हणायचं तरी कसं, आणि त्याच वेळी तिथून पाय निघेना.

सात भोकांखाली लिहिलं होतं, 'माहीत नाही. मी येण्याआधीचा.'

गर्दी त्या सातांपुढेच होती. दोन बायका वाकून अंदाज करत होत्या. "हा पाळण्याचा असंल." "इतक्या खाली कुठं? देव्हाऱ्याचा असंल." मी ओठ मिटून उभी राहिले. मला माहीत होतं ना. एका रेषेतले दोन मच्छरदाणीच्या दोरीचे. दाराजवळचा पपांच्या सायकलच्या पंपाचा. खिडकीवरचा रेडिओच्या तारेचा. गुडघ्याएवढ्या उंचीवरचा दीपकच्या पाटीचा, त्याचा हात पोचावा म्हणून पपांनी खाली ठोकलेला. स्वयंपाकघराच्या बाजूचा माझ्या ड्रॉइंग बोर्डाचा. सातवा मात्र, खिडकीच्या डावीकडे उंचावरचा, मला आठवेना. मी मनात हिशेबही केला. मी त्या घरात एकवीस वर्षं राहिले, सुवर्णा बावीस. म्हणजे तिथेही ती पुढे.

मुक्काम अर्थात दीपककडे. सुवर्णाने शेवभाजी आणि बाजरीच्या भाकरी केल्या होत्या, वर खास माझ्यासाठी ठेचा. मी विचारलं, "तुला हे सुचलं कसं गं?"

"सुचायचं काय त्यात, ताई? नव्या घरात सगळं तिथल्या तिथे लावायचं म्हणून माप काढून आणलं. म्हटलं, अंधारातही किल्ल्यांना हात जायची सवय आहे, ती का मोडा. तर इथली भिंत निघाली छोटी, नि खिळाच जाईना, ड्रिल लागतं. कागद तसाच पडला. वाचनालयातल्या मॅडम कशाला तरी घरी आल्या, त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, हाच द्या."

म्हणजे तिने स्पर्धेसाठी केलंच नव्हतं. मी महिनाभर सावलीचा जांभळा रंग जुळवत बसले होते, हिने माप काढलं आणि नंबर आला. ठेचा तिखट होता म्हणून माझे डोळे लाल झाले असं मी सांगितलं.

जेवणं झाल्यावर ती पेन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. "ताई, ते सात खिळे तुम्हाला नक्की ठाऊक असणार. सांगा ना, उद्या कार्यक्रमाआधी जाऊन लिहिते. कागद पुरा होईल."

मी तिच्याकडे बघून म्हणाले, "नाही गं आठवत. किती वर्षं झाली."

"एकही नाही?"

"एकही नाही."

तिने पेनाचं टोपण लावलं आणि दूध गरम करायला गेली. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर बरं वाटलं. निदान सात गोष्टी माझ्याकडे होत्या ज्या तिच्याकडे नव्हत्या. सहा म्हणा.

रविवारी दहाला बक्षीससमारंभ. खुर्च्या भरलेल्या, समोसे नि चहा मोफत. परीक्षक बाई म्हणाल्या की या कागदावरची सर्वांत मोलाची जागा म्हणजे 'माहीत नाही' लिहिलेली. आपल्या आधी तिथे कोण राहिलं हे ठाऊक नसल्याचं कबूल करणं सोपं नसतं. टाळ्या झाल्या. मग सुवर्णाच्या हातात माइक दिला. ती घाबरली होती, पदर सारखा करत होती.

"मला काही बोलता येत नाही," ती म्हणाली. "ते सात खिळे मी खूप जणांना विचारले. सासूबाई असत्या तर त्यांनी सांगितलं असतं. काल आमच्या ताईंनाही विचारलं, त्यांचा जन्मच त्या घरातला. पण त्यांनाही काही आठवत नाही. मग आता ते तसेच राहू देत."

हॉलमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. आईच्या मैत्रिणी होत्या, मला कडेवर घेतलेल्या. एकीने शेजारणीला म्हटलेलं मला ऐकू आलं, "लेकीला काहीच आठवत नाही म्हणती. दूर गेल्यावर असंच होतं." माझ्या कानशिलांत आग लागली. उठून ओरडून सांगावं वाटलं की मला सगळं आठवतं, पंपाला कोणत्या रंगाची नळी होती तेही आठवतं. पण आदल्या रात्री मीच 'नाही' म्हटलं होतं. उत्तेजनार्थ प्रमाणपत्र घ्यायला गेले तेव्हा टाळ्या झाल्या. मला त्या कीव करणाऱ्या वाटल्या.

जेवून निघाले. दीपक मला स्कूटरवरून द्वारकेला सोडायला आला. पुणे रोडला दुपारीही ट्रक खूप असतात, सामान कमी ठेवा. सिग्नलला थांबलो तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "खिडकीच्या डावीकडे उंचावर एक खिळा होता, तो रे कशाचा?"

"तो होय? तुझ्या चित्राचा."

"कोणत्या?"

"पपांचा गणवेश वाळत घातलेला. तू सासरी गेलीस, त्याच महिन्यात आईने फ्रेम करून आणलं. तू येणार म्हटलं की उतरवून गादीखाली ठेवायची. तू मागून नेशील म्हणून."

सिग्नल सुटला. मी त्याच्या पाठीमागून विचारलं, "मग कुठे गेलं?"

"माझ्या लग्नाआधी रंग काढला ना, तेव्हा उतरवून कपाटामागे ठेवलं. क्वार्टर सोडताना कपाट हलवलं तर काच निघाली, आत वाळवी."

"हे तू सुवर्णाला का नाही सांगितलंस?"

"मला कोणी विचारलंय का? मी ड्यूटीवर होतो, तिने टोचाटोची कधी केली मला पत्ताच नाही."

म्हणजे उंदीर नव्हतेच. आई माझ्या तोंडावर खोटं बोलली होती, आणि किती सहज. मी आदल्या रात्री बोलले होते तितकंच सहज.

परतीची गाडी तीनची. पिंपळगावपर्यंत उभी होते, तिथे जागा मिळाली. घाटात ऊन उतरलं होतं. डावीकडची खिडकी मिळाली होती, पण परतताना ती डोंगराच्या बाजूला येते, हे लक्षात ठेवा. मी डोंगर बघत बसले आणि रडले. पलीकडच्या सीटवरच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्यावर पिशवी न सोडता सुवर्णाला फोन लावला. म्हटलं, "पेन घे." आणि एकेक सांगत गेले. मच्छरदाणी, मच्छरदाणी, पंप, रेडिओची तार, पाटी, ड्रॉइंग बोर्ड. ती हसत होती, मध्येच "थांबा, थांबा" म्हणत होती. पाटीशी आली तेव्हा तिचा आवाज बदलला. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला काल आठवत होतं ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. "आणि सातवा? उंचावरचा?"

"तो नाही माहीत."

यावर तिने विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. आता तो कागद जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार आहे, आणि माझ्या सहा खिळ्यांमुळे तिथेही तिचाच नंबर येईल, हे मला दिसतंय. येऊ दे. मला त्रास होईल, तोही होऊ दे. त्या कागदावर एका भोकाखाली मात्र 'माहीत नाही' असंच राहील. लोक वाकून बघतील, पाळणा म्हणतील, देव्हारा म्हणतील.

तुम्हाला हे सगळं बिनधास्त सांगतेय, कारण सुवर्णा माझा ब्लॉग वाचत नाही. बारा वर्षांत एकदाही उघडला नाही तिने. याचं मला फार लागायचं, कालपर्यंत.