नुसतं रेन

"नुसतं 'रेन' म्हणायचं? आई, ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे!" अक्षया म्हणाली.

"मग रेनताई म्हण," तिचा बाबा शिरीष म्हणाला. मेधानं नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की तो निमूटपणे वरणभात कालवायला लागला.

तोक्योजवळच्या ग्योतोकुमधल्या या फ्लॅटमध्ये अक्षया चौथीपासून वाढली. बाबांचं बँकेचं पोस्टिंग तीन वर्षांचं होतं, ते वाढतच गेलं. तिची उंची बेताची, पण पाय वाऱ्यासारखे. बास्केटबॉलच्या जोरावर तिला तोक्योतल्या एका कॉलेजच्या टीममध्ये जागा मिळाली. पहिलं वर्षभर तिनं कोर्ट पुसलं, बाटल्या भरल्या, आणि सीनियरचं नाव कधी आदराचं 'सान' लावल्याशिवाय घेतलं नाही. मोठ्यांना नावानं हाक मारायची नाही, हे घरातही तिनं लहानपणापासून ऐकलेलं. घर आणि कॉलेज यांचं एवढ्या एका बाबतीत घट्ट जमलं.

पदवीनंतर योकोहामाच्या एका कंपनीनं तिला आपल्या टीममध्ये घेतलं. सकाळी ऑफिस, दुपारनंतर सराव. करार एका वर्षाचा. इथली रीत मात्र उलटी होती. प्रत्येकीला एक छोटंसं कोर्टवरचं नाव. धावताना तेच ओरडायचं, सान-बिन काही नाही. नवीन मुलीला ते नाव कॅप्टन देते. किशिमोतो-सान ही कॅप्टन, कोर्टवर 'रेन'. वर्ष संपत आलं तरी तिनं अक्षयाला नाव दिलं नव्हतं. सगळ्या जणी अजून 'अक्षया-सान' म्हणत, पाहुणीला म्हणावं तसं.

आणि आता कोचनं सांगून टाकलं होतं, "करार वाढवायचा का, ते शनिवारच्या मॅचनंतर कॅप्टनला विचारून ठरवू."

शनिवारी मेधा-शिरीष गॅलरीत बसले होते. शेवटची काही मिनिटं उरलेली. अक्षयाला समोरच्या टीमच्या दोघींनी कोपऱ्यात कोंडलं. बास्केटखाली कॅप्टन मोकळी, पण पाठमोरी.

"किशिमोतो-सा..."

ती वळेपर्यंत बॉल तिच्या खांद्यावरून बाहेर गेला. कोचनं टाइम-आउट घेतला आणि अक्षयाला विचारलं,

"कोणाला हाक मारत होतीस?"

"किशिमोतो-सानना."

"त्या ऑफिसात बसतात, तिसऱ्या मजल्यावर. इथे कोण खेळतंय?"

अक्षयानं मान खाली घातली. कॅप्टननं तोंड पुसलं आणि ती पहिल्यांदाच बोलली, "एप्रिलपासून वाट बघतेय मी. जी मला हाकच मारत नाही, तिला मी काय म्हणून हाक मारू?"

वर मेधा कुजबुजली, "रागावल्या का हो तिला?"

"रागावल्या असत्या तर बरं झालं असतं," शिरीष म्हणाला.

खेळ पुन्हा सुरू झाला. एक पॉइंट मागे. घड्याळात आता मोजकेच सेकंद. अक्षया बॉल घेऊन निघाली आणि त्याच दोघी पुन्हा अंगावर आल्या. त्याच कोपऱ्यात. मेधानं शिरीषचं मनगट इतकं आवळलं, की त्याच्या घड्याळाचा पट्टा निसटला. बास्केटखाली पुन्हा तीच पाठ. अक्षयाच्या घशात 'कि' आलाच होता. तिनं तो गिळला.

"रेन!"

खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला गॅलरीतून हाक मारावी, तशी मोठ्यांदा. स्वतःचाच आवाज ऐकून तिचे कान तापले. पण कॅप्टन वळली होती, हात वर होते. बॉल हातात, हातातून बोर्डावर, बोर्डावरून जाळीत.

"अगं बाई, नुसतं रेन म्हणाली!" मेधाचा हात तोंडावर गेला.

शिरीष उभाच राहिला होता. अजून शिट्टी झाली नव्हती. समोरच्यांनी बॉल उचलला होता. कॅप्टन उलट्या पावली धावत मागे येताना अक्षयाकडे बोट करून ओरडली, "साया! हिला तू धर! साया!"

"आता ही साया कोण?"

"आपलीच," शिरीष म्हणाला. "थांब, बघू दे."

खाली साया हात पसरून समोरचीला आडवी गेली.