टोपीखालच्या काड्या

माझा आवाज मोठा आहे. हळदीच्या व्यापाऱ्याकडं वीस वर्षं फोन उचलायचं काम केल्यावर कुणाचाही होईल. पण राग त्याच्याही आधीचा, तो जन्मापासूनचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझी कीव करायची कुणाला गरज पडणार नाही.

वडील गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो नव्हता. माझ्या मोबाइलमध्ये एकच होता. उसाच्या बांधावर उघड्या डोक्यानं उभे, डोळ्यांवर ऊन. सांगलीतल्या स्टुडिओवाल्यानं तो घेतला, मागचा ऊस काढून तिथं पांढरं आभाळ घातलं, अंगात कोट चढवला आणि टकलावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी बसवली. "भिंतीवरच्या माणसाचं डोकं मोकळं बरं दिसत नाही हो ताई," म्हणाला. आमच्या वडिलांनी लग्नकार्यातसुद्धा टोपी दहा मिनिटं डोक्यावर ठेवली नसेल. आईनं फ्रेम मांडीवर घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "डोळं तेंचंच हायत. टोपी कुनाची का असंना."

आई कडेगावजवळच्या वस्तीवर एकटी राहायची. एक म्हैस, तिचं रेडकू, चार कोंबड्या आणि ती. तिचा जुना बटणांचा फोन बिघडला, तसा मी तिला टच स्क्रीनचा घेऊन दिला आणि मोठ्या हौसेनं वडिलांचा फ्रेममधला तोच फोटो वॉलपेपरला लावला. बटण दाबलं की वरपासून खालपर्यंत वडील. आईचे डोळे भरले, आणि मला वाटलं, आयुष्यात एक तरी काम नीट केलं आपण.

आईला वाचता येत नव्हतं. जुन्या फोनवर ती दोनच गोष्टी बघायची. वर कोपऱ्यात रेंजच्या काड्या, आणि त्यांच्या शेजारी बॅटरीची डबी. घरात काड्या नसायच्या. स्लॅबवर पाण्याच्या टाकीपाशी, एका विशिष्ट जागी यायच्या, कधी दोन, कधी तीन. संध्याकाळी सातला माझा फोन यायचा. त्याच्या आधी ती वर जायची, काड्या बघत जागा धरायची आणि बसायची. वडील गेल्यापासून हा नेम एकदाही चुकला नव्हता.

नवा फोन आल्यावर महिन्याभरात चुकायला लागला. कधी रेंजच्या बाहेर, कधी सरळ बंद. दिवसभर दुकानात लोकांचे फोन घेऊन माझं डोकं उठलेलं, त्यात हे. दुसऱ्या दिवशी ती सापडली की मी तोंड सोडायची. "फोन काय देव्हाऱ्यात ठेवायला दिलाय का तुला? चार्ज करायला काय होतं?"

"काड्याच दिसत न्हाईत गं," ती म्हणायची. "डबीबी दिसत न्हाई."

मग मी तिला सांगलीला आणून डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं छान आहेत. तरी मी नवा चष्मा करून घेतला. तो लावून आईनं सुईत दोरा ओवून दाखवला. फोन बघितला आणि म्हणाली, "न्हाईत."

मी तिच्या हातातून फोन ओढला, नंबर फिरवायचं पान उघडलं आणि तिच्या नाकासमोर धरलं. "ह्या काय मग? चार आहेत चार!" तिथं त्या स्वच्छ दिसत होत्या. आईनं बघितल्या, फोन परत घेतला, बंद करून पुन्हा बटण दाबलं. "तुज्या हातात दिसत्यात," ती म्हणाली. "माज्या हातात आल्या की जात्यात."

हे वाक्य मला आवडलं नाही. पण दुकान होतं, सीझन होता, मी तिला एसटीत बसवून दिलं.

त्यानंतर तीन दिवस फोन बंद लागला. चौथ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं वस्तीवर गेले. वाटभर काय काय डोळ्यांपुढं आलं ते सांगत नाही. आई स्लॅबवर टाकीपाशी बसली होती, धडधाकट. मांडीवर फोन, आणि ती पदरानं त्याची वरची कड पुसत होती. पुन्हा पुन्हा, त्याच जागी. फोन चालू होता, नुकताच चार्ज केलेला. काड्या दिसतच नाहीत म्हणून तिनं बटण दाबायचंच सोडलं होतं; तीन दिवस तो मेलाय हे तिला कळलंच नव्हतं म्हणे, आदल्या सांजेला बटण दाबून अंधारच आला तेव्हा कळलं.

"काय करतेस?" मी ओरडले.

तिनं वर बघितलं आणि चक्क हसली. "तुज्या बानं समद्या काड्या टोपीखाली घातल्यात बग. काय केल्या देईना झाल्यात."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भर सकाळी, कोंबड्या ओरडत होत्या, खाली म्हैस रवंथ करत होती, आणि मेलेला नवरा काड्या लपवतोय असं माझी आई हसत सांगत होती. खाली घरात आले तर भिंतीवर ते कोटातले वडील, त्यांची नसलेली टोपी घालून माझ्याकडंच बघत होते. मला त्या खोलीत उभं राहवेना. आईचं डोकं फिरलं, बास, एवढंच मनात बसलं. फोनचं बटण दाबून एकदा बघावं, ती काय म्हणतेय ते तपासावं, असं मला सुचलं नाही. कप्पाळ माझं.

पंधरा दिवसांत म्हैस आणि रेडकू शेजारच्या वस्तीवर गेलं, घराला कुलूप लागलं. आईनं भांडण केलं नाही. एकदाच म्हणाली, "मला हितं काय हुतंय गं? मी हाय की बरी." मी म्हणाले, "तुला कळत नाही आता. मी ठरवते." ती फ्रेम मांडीवर घेऊन रिक्षात बसली आणि वळणापर्यंत मागं बघत राहिली.

माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ती दहा महिने जगली. खिडकीत बसायची, रस्त्यावरच्या गाड्या बघायची. कुणी भेटायला आलं की मी स्वयंपाकघरातून डोक्यापाशी बोट फिरवून खूण करायची, जरा विसरायला लागलीय अशी. एकदा तिनं ती खूण बघितली. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "अगं, त्या टोपीचं मी काय म्हनत हुते..." मी ताट आपटलं. "ते टोपीचं पुन्हा काढू नकोस!" तिनं पुन्हा काढलं नाही. तसं तिनं पुढं फारसं काहीच काढलं नाही. एका दुपारी खिडकीतच गेली.

तिच्या दिवसकार्यानंतरचा रविवार. कपाट आवरताना तिचा फोन सापडला. चार्जिंगला लावला. थोड्या वेळानं बटण दाबलं, किती झालंय बघायला वर नजर टाकली, आणि मला दिसेना. वर टोपी होती. पांढरीफेक. तिच्यामागं पांढरं आभाळ. मी खिडकीशी गेले, फोन तिरका केला, डोळे बारीक केले. काड्या पांढऱ्या, डबी पांढरी, टोपी पांढरी. काहीही दिसत नव्हतं. आणि माझा अंगठा आपसूक स्क्रीनची वरची कड पुसायला लागला होता.

मी खाली बसले. आई गं, म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. ती वेडीबिडी काही नव्हती. जे दिसत होतं ते तिनं सांगितलं होतं. आणि ते हसणं म्हणजे नवऱ्याची तक्रार होती नुसती, जिवंतपणी करायची तशीच, चष्मा कुठं ठेवलाय तेंनी, विळा कुठं टाकलाय तेंनी. तेवढ्यासाठी मी तिचं घर बंद केलं.

मग त्या फोनमधले फोटो उघडले. रेडकाचा फोटो पाठवायला म्हणून मीच तिला कॅमेरा शिकवला होता. रेडकाचे दोन-तीन होते. बाकी चाळीसेक फोटो एकाच गोष्टीचे. वस्तीवरच्या घराची हिरव्या ऑइलपेंटची भिंत आणि तिच्यावर वडिलांची फ्रेम. पहिल्या फोटोत फ्रेम सगळीकडं भरलेली. नंतर ती एकेक पाऊल मागं सरकलेली, फोन हळूहळू वर उचललेला. वडील लहान होत होत खाली येत गेले आणि वर हिरवी भिंत मोकळी होत गेली. काड्यांना जागा करत होती ती. वडिलांना काढून न टाकता. फोटो काढला की तोच आपोआप स्क्रीनवर येत असेल असं तिला वाटलं असणार, नाहीतर मी आल्यावर मला सांगणार असेल. मी आले ती ओरडतच आले.

शेवटच्या फोटोत फ्रेमच्या काचेत ती स्वतः दिसते. वडिलांच्या कोटावर तिचा चेहरा, अंधुक, दोन्ही हातांत फोन धरलेला. नवा चष्मा लावलेला.

तो फोटो मी तिच्या फोनला लावला. वर हिरवी भिंत, त्यावर चार काड्या, शेजारी भरलेली डबी, सगळं लख्ख. करायला अर्धं मिनिट लागलं.

तिचं कार्ड मी चालू ठेवलंय. त्या संध्याकाळी सातला तिच्या नंबरवर फोन लावला. समोर टेबलावर तो वाजायला लागला. काड्या चारही होत्या. उचलत का नाहीस म्हणून मी ओरडले नाही. पुरता वाजून थांबेपर्यंत माझा फोन कानाला धरून बसले.