समोरही डावखुरी
परवा कपाट आवरताना तलवारबाजीचा हातमोजा सापडला आणि वाळलेल्या घामाच्या खारट वासानं अकोल्याचा तो हॉल आठवला. वलगावला आमची झेंडूची शेती. मी डावखुरी, म्हणून आई बजावायची, "त्या हातानं फुलं तोडू नको, देवाले चालत नाही." अमरावतीच्या क्लबात मात्र सर म्हणाले, "याच हातानं खेळ. तुझं पातं कुठून येते, समोरच्याले समजतच नाही." ते खरं निघालं; उजव्या हाताच्या मुली माझ्यापुढे गोंधळून जायच्या. अकोल्याला राज्य स्पर्धेसाठी निवड होती आणि शेवटच्या लढतीत समोर आलेली मुलगीही डावखुरी निघाली. क्लबात माझ्याशिवाय डावखुरं कुणीच नव्हतं, त्यामुळे असं पातं मी पहिल्यांदाच बघत होते. मास्कच्या आत श्वास तापला होता आणि प्रत्येक वार भलत्याच बाजूनं येत होता. "अशी काहून बावचळून राहिली?" सर ओरडले. मी हरले. आमच्या खेळात लढतीनंतर तलवार नसलेल्या, रिकाम्या हातानं हात मिळवतात. एरवी माझा उजवा आणि समोरचीचा डावा पुढे यायचा, दोन्ही अवघडून चुकायचे. त्या दिवशी दोन उजवे हात सरळ एकमेकांत बसले. ती म्हणाली, "मी बी घाबरलीच होती. तुले बी पयल्यांदाच डावखुरी भेटली न?" निवड हुकल्याचं आता काही वाटत नाही. तो हात मात्र मी गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता.