अस्वलाला दिलेलं उत्तर

मी देश सोडला तो बेदाण्याच्या शेडवरून. हंगाम ऐन भरात होता, रॅकवर द्राक्षं पसरलेली होती आणि माझ्या विमानासाठी ती वाळायची काही थांबणार नव्हती. त्यामुळे निरोप शेडच्या तोंडाशीच झाला. मुंबईची गाडी येऊन उभी राहिली, बेदाणे निवडणाऱ्या बायका पदराला हात पुसत बाहेर आल्या, आईने माझ्या आधीच फुगलेल्या बॅगेत आणखी एक पिशवी कोंबली. अण्णा, म्हणजे माझे वडील, रॅकवरून खाली उतरले आणि म्हणाले, "तितं थंडी लय आसती म्हणं. डोकं बांधत जा." बस्स, एवढंच. मी कराड येईपर्यंत रडले आणि साताऱ्यात गाडी थांबल्यावर मिसळ खाल्ली.

तुम्हीही असेच कुठून तरी निघाला असाल, किंवा कुणाला तरी निरोप देऊन परत रॅकवर चढला असाल. दोन्हीकडचं थोडं थोडं मला आता कळतं.

मी राहते जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात. नवरा केरळचा. तो लेकीशी मल्याळम बोलतो, मी मराठी, आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजी, आणि तिची किटा, म्हणजे तिथली बालवाडी, चालते जर्मनमध्ये. एवढ्या भाषांचा पाऊस अंगावर घेऊन आमची अम्मू गप्प होती. अडीच वर्षांची झाली तरी गप्प. बोट दाखवायची, हाताला धरून ओढायची, सगळं समजायचं तिला. पण शब्द म्हणून नाही. डॉक्टरीण म्हणाली, कान उत्तम आहेत, अशी मुलं उशिरा बोलतात, वाट बघा.

वाट बघायला मी तयार होते हो. अण्णांचं काय करायचं? रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडे रात्रीच्या जेवणानंतर, त्यांचा व्हिडिओ कॉल ठरलेला. ते फोनसमोर चिमणीचा आवाज काढायचे, कुत्रा व्हायचे, एकदा तर त्यांनी बकरी थेट कॅमेऱ्यासमोर आणली. अम्मू एखाद्या परीक्षकासारखी गंभीर चेहऱ्याने बघत राहायची. फोन ठेवताना अण्णा म्हणायचे, "बोलंल की. गडबड कुणाला पडलीया?" आणि दुसऱ्या दिवशी आई मला हळूच सांगायची की फोन झाल्यावर तो माणूस अर्धा तास ओट्यावर नुसता बसून होता.

मला भीती वेगळीच होती. ती बोलेल, याची खात्री होती मला. पण जे बोलेल त्यातलं एक अक्षरही अण्णांना कळणार नाही, ती जर्मनमध्ये चुरुचुरु बोलेल आणि माझे वडील फोनच्या पलीकडे हसरा चेहरा करून बसतील, हे चित्र मला छळायचं. म्हणून मी कंबर कसली. रोज संध्याकाळी चित्रांचं पुस्तक घेऊन शिकवणी सुरू केली. हे फूल आहे. हा चेंडू आहे. हा चेंडू लाल आहे. शाळेच्या पुस्तकातही इतकं शुद्ध मराठी नसेल. अम्मू चेंडू घ्यायची आणि निघून जायची.

या मार्चमध्ये आम्ही दोघी माझ्या माहेरी, तासगावला आलो. आल्याच्या तिसऱ्या दिवशी अण्णा तिकिटं घेऊनच घरी. सांगलीला रविवारी सकाळी लहान मुलांचं नाटक होतं. हंगामात शेड सोडून ते लग्नालाही जात नाहीत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आई म्हणाली, "आवं, पोरगी बसंल का तीन तास?" अण्णा म्हणाले, "न बसंना. मी बसतो."

आता एवढ्या लहान मुलाला घेऊन नाटकाला जायचं म्हणजे माझ्यातली जर्मनी जागी झाली. डायपर, दोन जोड कपडे, आवाज मोठा झाला तर कानावर घालायचे हेडफोन, डब्यात केळ्याचे तुकडे, ओले रुमाल, आवडता ससा. बॅग बघून अण्णा म्हणाले, "नाटकाला चाललीयास का लढाईला?"

एसटीने सांगली. नाट्यगृहाच्या आवारात नुसता कालवा. आज्या, आत्या, काखेतली पोरं, पॉपकॉर्न, कुणाची तरी चप्पल हरवलेली. मी दाराजवळची खुर्ची धरली, रडली की लगेच बाहेर पडता यावं म्हणून. अम्मूने हेडफोन घालायला साफ नकार दिला आणि अण्णांच्या मांडीवर चढून बसली. घंटा झाली, अंधार झाला, आणि शे-दीडशे पोरं एकदम किंचाळली. मी उठायच्या तयारीत. अम्मू मात्र टक लावून पडद्याकडे बघत होती.

गोष्ट साधी होती. एक भलंमोठं अस्वल वाट चुकतं आणि रात्री आसरा शोधत हिंडतं. पुठ्ठ्याच्या एका घरावर थाप मारतं, विचारतं, "घरात कोणी आहे का?" पोरं ओरडतात, "नाही!" दुसरं घर, पुन्हा तेच. तिसऱ्या घरापाशी दिवे मंद झाले, अस्वल रडवेलं झालं, पोरंही गप्प झाली. त्याने दारावर अगदी हळू थाप मारली आणि विचारलं, "घरात... कोणी आहे का?"

त्या शांततेत माझ्या शेजारून खणखणीत आवाज आला, "हाय!"

अम्मू. आमची अम्मू. मला तर आधी कळेचना की हा आवाज कुणाचा. अस्वलाने वळून पंजा हलवला आणि म्हणालं, "हाय बाळा! हॅलो!" सगळं नाट्यगृह हसलं. पुढच्या रांगेतली पोरं हाय, हाय करत हात हलवायला लागली. मागच्या बाई पुढे वाकून मला म्हणाल्या, "किती गोड! इंग्लिश बोलतीय वाटतं. बाहेर असता का?" मी मान हलवली. पहिला शब्द आला आणि तोही इंग्रजी.

अम्मूला मात्र राग आला होता. ती अण्णांच्या मांडीवर उभी राहिली, दोन्ही मुठी आवळल्या आणि छातीवर हात आपटून ओरडली, "हाय! आम्मू हाय!"

माझ्या आधी अण्णांना उमगलं. नातीला काखेत मारून ते उठले आणि शेडच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारावी तसे स्टेजकडे बघून ओरडले, "आवं अस्वलराव! ती नमस्कार घालीत न्हाई तुमाला! घरात कुणी हाय का इचारलासा न्हवं? पोरगी सांगतीया, हाय म्हणून!"

मग त्या अस्वलाची शुद्ध भाषा एकदम गळून पडली. आतला पोरगा आमच्याच बाजूचा असणार. कमरेवर पंजे ठेवून तो म्हणाला, "हाय व्हय? मग मगाधरनं दार का उगडंना कुणी? येऊ का आत?"

"ये!" अम्मू म्हणाली. आयुष्यातला दुसरा शब्द.

टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं. त्या तिसऱ्या घरातून बाहेर यायला टपून बसलेला नाटकातला उंदीर बिचारा किती वेळ आत अडकून पडला कोण जाणे. अण्णांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले आणि मला म्हणाले, "ऐकलास न्हवं?" मी हसत होते आणि माझं नाक वाहत होतं आणि लढाईच्या बॅगेतला एकही रुमाल वेळेवर हाताला लागत नव्हता.

परतीच्या एसटीत अम्मू झोपली आणि मी विचार करत बसले, की हा शब्द हिने उचलला कुठून? मग लक्षात आलं. रोजच्या फोनवर अण्णांचा पहिला प्रश्न असतो, "आम्मू हाय का तितं?" आणि मी पोळी लाटता लाटता ओरडते, "हाय, हाय!" पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात कुणी दार वाजवून "आहेस का?" विचारलं की माझ्या तोंडून "हाय" जायचं आणि बाहेरून मुली "हॅलो" म्हणून खिदळायच्या. महिन्याभरात मी "आहे" म्हणायला शिकले ते कायमचं, असं मला वाटत होतं. अण्णांशी बोलताना माझी जीभ आपोआप तासगावला जाते, हे मला कधी कळलंच नव्हतं. पोरीला कळलं होतं. माझी चेंडू-फुलांची मराठी तिने चेंडूसारखीच बाजूला टाकली आणि माणसं जी वापरताना दिसली ती घेतली.

आता आम्ही जर्मनीला परत आलोय. शब्दांना तोटा नाही. जर्मन येतं, मल्याळम येतं, नवरा खूश आहे. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी बेल वाजवली की अम्मू आतून "हाय!" म्हणून ओरडते आणि त्या दाराबाहेरूनच तिला इंग्रजीत "हाय" म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. दोघींचंही बरोबर आहे.

संध्याकाळचा फोन आता अम्मूचा झालाय. अण्णा तिला बकरी, रॅक, पाऊस पडंल का न्हाई ते सगळं सांगतात, ती त्यांना किटामधली भांडणं सांगते, आणि एकमेकांचं निम्मं कळलं नाही तरी दोघांचं काही अडत नाही. पूर्वी घर म्हटलं की मला तासगाव आठवायचं. आता या परक्या गावात, भाड्याच्या स्वयंपाकघरात आमटी ढवळताना, मागे ते दोन आवाज चालू असतात, तेव्हा मला कुठे जायचं आहे असं वाटतच नाही. मी घरीच असते.

परवा मात्र मला राहवलं नाही. अर्धा तास झाला तरी माझी कुणी चौकशीच करेना. मी पळी हातात घेऊन फोनसमोर गेले आणि म्हटलं, "अण्णा, मी बी हाय हितं!"

"दिसतंय की," अण्णा म्हणाले. "जरा थांब. आमचं बोलणं चाललंय."